सोशल अँग्झायटी असलेली मुले: आधी मन शांत करायचे, की धडधड घेऊनच माणसांत जायचे?

कोरांटी

अकरावीचे वर्ग सुरू झाले की आमच्याकडे एका विशिष्ट तक्रारीचे पालक येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी दहावीपर्यंत एकाच शाळेत, ठरलेल्या मित्रांत निभावून गेलेली असते. आता चार स्थानके पलीकडचे कॉलेज, खच्चून भरलेला वर्ग आणि ओळखीचे कोणीच नाही, अशा ठिकाणी ती अडते. हजेरीला आवाज फुटत नाही, कॅन्टीनची पायरी चढवत नाही, प्रॅक्टिकलला जोडीदार मागता येत नाही म्हणून जर्नल अपूर्ण राहते. पालकांचे म्हणणे बहुधा एकच असते: 'त्याला आधी शांत राहायला शिकवा, मग तो आपोआप मिसळेल.' मी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे आणि या वाक्यातील क्रमाशीच माझे भांडण आहे, म्हणून हा धागा.

लाजाळूपणा हा स्वभाव आहे आणि पुष्कळ अबोल मुले आपल्या मोजक्या मित्रांत सुखाने राहतात. त्यांना उपचारांची गरज नसते. सोशल अँग्झायटीचे निदान करायचे, तर लोक आपल्याला जोखत आहेत आणि आपण हास्यास्पद ठरणार ही भीती प्रसंगाच्या मानाने अवाजवी असावी लागते, साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकावी लागते आणि तिच्यामुळे शिक्षणात वा मैत्रीत खरोखरचा अडथळा यावा लागतो. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत मुलांसाठी आणखी एक अट आहे आणि ती सहसा नजरेतून सुटते: ही भीती समवयस्कांमध्येही दिसली पाहिजे. पाहुण्यांसमोर मूग गिळून बसणारा, पण खाली मैदानात गेल्यावर सगळ्यांवर ओरडणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. ज्यांना हा विकार होतो, त्यांच्यापैकी बहुसंख्यांमध्ये तो आठ ते पंधरा या वयात सुरू होतो, त्यामुळे अकरावीत आमच्यासमोर येणारे मूल बहुतेक वेळा काही वर्षे तो अंगावर वागवत आलेले असते.

भीती इतकी टिकते कशी, याचे सर्वांत उपयोगी उत्तर मला डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडलेल्या प्रारूपात सापडते. चारचौघांत गेल्यावर या मुलांचे लक्ष समोरच्या माणसावरून निघून स्वतःकडे वळते; छातीतील धडधड, कानांची गरमी, हातांचा कंप यांवरून ती स्वतःचे एक चित्र मनात रंगवतात आणि समोरच्यालाही नेमके तेच चित्र दिसत आहे असे धरून चालतात. मग बचावाच्या सवयी येतात: वाक्य मनात तीनदा घोळवून मगच बोलणे, मोबाइलमध्ये डोके घालणे, केस चेहऱ्यावर ओढणे, कोपऱ्यातील जागा पकडणे. प्रसंग निभावला तरी श्रेय त्या सवयींना मिळते आणि 'मोबाइल होता म्हणून वाचलो' एवढाच धडा उरतो. घरी आल्यावर झाल्या प्रसंगाची उजळणी रात्री उशिरापर्यंत चालते, ते वेगळेच.

भावनांच्या नियमनाबद्दल बोलायचे, तर जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये केलेली मांडणी येथे चपखल बसते. भावना उसळण्याच्या प्रवासात आपण पाच ठिकाणी हस्तक्षेप करू शकतो, असे ते सांगतात: कोणत्या प्रसंगात जायचे ते निवडणे, प्रसंग थोडा बदलणे, लक्ष कुठे द्यायचे ते ठरवणे, प्रसंगाचा अर्थ वेगळ्या रीतीने लावणे, आणि भावना उसळून आल्यावर ती दाबणे किंवा तिच्या खुणा आवरणे. माझ्याकडे येणारी मुले पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणी कमालीची तरबेज असतात. ती जातच नाहीत, आणि जावेच लागले तर चेहरा दगडासारखा करतात. मधली तीन ठिकाणे मात्र रिकामी असतात, आणि चांगला उपचार बहुतांशी तेथेच काम करतो.

म्हणूनच केवळ दीर्घ श्वसन शिकवून मुलाला परत पाठवणे मला पटत नाही. श्वसन वाईट नाही. परंतु 'धडधड थांबल्याशिवाय मी आत जाणार नाही' असे मुलाने ठरवले, तर श्वसन ही बचावाची आणखी एक सवय होते आणि धडधड धोकादायक असते हा त्याचा समज पक्का होतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये मुलांसाठी सोशल अँग्झायटीवर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणे दोन्ही बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) सुचवली, ती वैयक्तिक असल्यास पाऊण तासाची आठ ते बारा सत्रे आणि गटात असल्यास दीड तासाची तितकीच सत्रे, आणि तिच्या गाभ्यात टाळलेल्या प्रसंगांना सामोरे जाणे ठेवले. नुसता धीर देणाऱ्या गप्पा किंवा नुसते माइंडफुलनेस (चालू क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव) या विकारासाठी सरसकट देऊ नये, असे त्याच दस्तऐवजात म्हटले आहे. आपल्याकडे मात्र नेमके हेच दोन प्रकार सर्वांत सहज मिळतात.

पालक, शिक्षक आणि स्वतः यातून गेलेल्यांनी अवश्य लिहावे.

मुलुंडकर

कोरांटीताई, माझा मुलगा यंदा दहावीत आहे. तो इंटरकॉम उचलत नाही, बेल वाजली की आतल्या खोलीत जातो, क्लासला पोहोचल्यावर वर्ग सुरू होईपर्यंत जिन्यातच थांबतो. एका समुपदेशकांनी त्याला चार आकडे मोजत श्वास घेण्याचे तंत्र शिकवले आहे आणि तो ते मनापासून करतो. तुमचे लेखन वाचून ते बंद करावे की काय, असा प्रश्न पडला. दुसरे म्हणजे, तो 'मला भीती वाटते' असे कधीच म्हणत नाही. 'मला कंटाळा येतो', 'ती मुले फालतू आहेत' असे म्हणतो आणि जास्त विचारले की चिडतो. मग ही भीती आहे हे ओळखायचे कसे?

कोरांटी

मुलुंडकर, श्वसन बंद करू नका. ते कधी केले जाते एवढे पाहा. झोपण्यापूर्वी किंवा अभ्यास करून डोके शिणल्यावर केले तर उत्तम. जिन्यात उभे राहून, धडधड उतरेपर्यंत वर न जाण्यासाठी केले जात असेल, तर ती जिन्यातील मुदतवाढ आहे.

त्याऐवजी मी एक साधा कागद देते. वर्गात जाण्यापूर्वी मुलाने आपले भाकीत लिहायचे, तेही मोघम नव्हे: 'मी उशिरा शिरलो तर सगळे वळून पाहतील आणि किमान दोघे हसतील.' परत आल्यावर प्रत्यक्षात काय झाले ते त्याखाली लिहायचे. मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडल्याप्रमाणे, सामोरे जाण्याचा उपयोग होतो तो भाकीत आणि वास्तव यांतील तफावत मनावर ठसल्यामुळे. त्या क्षणी भीती किती उतरली हे तितके महत्त्वाचे नाही. म्हणून मूल घामाघूम होऊन परतले आणि तरीही भाकीत खोटे ठरले, तर तो प्रसंग यशस्वी झाला असे मी धरते.

कंटाळ्याबद्दल बोलायचे, तर किशोरवयात, विशेषतः मुलग्यांमध्ये, 'मी घाबरलो' हे म्हणण्यापेक्षा 'मला इंटरेस्ट नाही' हे म्हणणे अब्रू राखणारे असते. शब्दांपेक्षा नमुना पाहा: कंटाळा नेमका माणसे असतील तेथेच येतो का, आणि त्या मुलांचे कार्यक्रम तो घरी बसून इन्स्टाग्रामवर बारकाईने पाहतो का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर त्याला माणसांत जाण्याची इच्छा आहे.

शेवटचा बाक

मी आता इंजिनिअरिंगला आहे. अकरावी-बारावीच्या काळात माझ्यावर सीबीटीचे उपचार झाले, म्हणून आतील बाजू लिहितो.

आम्ही सुरुवातीला एक उतरंड तयार केली, सर्वांत कमी भीतीच्या प्रसंगापासून सर्वांत जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंत. तळाशी होते ते बेस्टच्या बसमध्ये मोबाइलवर तिकीट न काढता कंडक्टरला मोठ्याने थांब्याचे नाव सांगणे. त्यावर, फलाटावर अनोळखी माणसाला 'ही फास्ट आहे का?' असे विचारणे, तेही इंडिकेटर समोर दिसत असताना. मग स्टेशनरीच्या दुकानात पाच-सहा पेने पाहून एकही न घेता बाहेर पडणे. ही पायरी मला सर्वांत अवघड गेली, कारण दुकानदार काय म्हणेल याची मी एक संपूर्ण कथाच रचली होती. प्रत्यक्षात त्याने पेने परत डब्यात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नंतरच्या पायऱ्या कॉलेजमधल्या होत्या: तासाला शंका विचारणे, मुद्दाम एक चुकीचे उत्तर देणे, कॅन्टीनमध्ये भरलेल्या टेबलापाशी जाऊन 'इथे बसू का?' असे विचारणे.

या धाग्यात ज्याचा उल्लेख अजून आलेला नाही, ते म्हणजे व्हिडिओ. थेरपिस्टनी माझी एका अनोळखी व्यक्तीशी दोनदा गप्पांची भेट घडवली आणि दोन्ही चित्रित केल्या. पहिल्या वेळी मी नेहमीसारखाच वागायचे होते, म्हणजे वाक्ये तयार ठेवायची, स्वतःवर पाळत ठेवायची, नजर टाळायची. दुसऱ्या वेळी हे सर्व सोडून लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर ठेवायचे. पाहण्यापूर्वी मी किती लाल झालो असेन, आवाज किती कापला असेल, हे मला आकड्यांत लिहायला लावले आणि मग परक्या मुलाचा व्हिडिओ पाहत असल्यासारखे पाहायला सांगितले. कापणारा आवाज मला कोठेच ऐकू आला नाही. पहिल्या चित्रफितीतला मुलगा मात्र घाबरट नव्हे, तर चक्क शिष्ट दिसत होता. समोरची व्यक्ती बोलत असताना तो तिच्याकडे पाहतही नव्हता. लोक मला टाळतात असे मला वाटे, त्यामागे माझ्या या बचावांचाही हात होता, हे मला कोणी कितीही समजावून सांगितले असते तरी पटले नसते.

रात्रीच्या उजळणीबाबत मला एकच सूचना होती: त्या विचारांशी वाद घालायचा नाही, 'मी तसा मूर्ख दिसलो नाही' हे सिद्ध करत बसायचे नाही, उजळणी सुरू झाली हे ओळखायचे आणि उठून दुसऱ्या कामाला लागायचे. ऐकायला ही सूचना फारच किरकोळ वाटते, पण माझी झोप तिच्यामुळेच सुधारली.

चाळकरी

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरी एक शंका मांडतो. मी गिरगावातील चाळीत वाढलो. तेथे दार उघडेच असे, गॅलरीत दहा घरांची माणसे असत, आणि गणेशोत्सवात प्रत्येक पोराला नाटुकल्यात उभे केले जाई. पाय लटपटत, रडू येई, पण कोणी डॉक्टरकडे नेले नाही. विहिरीत ढकलले की पोहता येते, अशी आमची पद्धत होती. आता फ्लॅटची दारे बंद, मूल एकटे, आणि त्यातून आलेल्या भित्रेपणाला इंग्रजी नाव देऊन तासाला काही हजारांची फी घ्यायची, हे मला नवे खूळ वाटते. स्टेजवर ढकला, सर्व ठीक होईल.

परळकर

चाळकरी, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या म्हणण्यातील अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे: माणसांत मिसळण्याच्या रोजच्या फुकट संधी या शहरात कमी झाल्या आहेत, आणि आम्ही उपचारात जे मुद्दाम घडवतो ते चाळीच्या गॅलरीत आपोआप घडत असे. परंतु विहिरीत ढकलताना तुमच्या पाठीला तरंगणारे हलके लाकूड किंवा रिकामा डबा बांधलेला असे आणि काका पाण्यात उभे असत, हेही आठवून पाहा. ज्यांना बांधले नव्हते, त्यांच्यापैकी काही जण जन्मभर पाण्याजवळ गेले नाहीत. तयारी नसताना स्टेजवर ढकललेले आणि सर्वांसमोर खरोखरच फजिती झालेले मूल 'माझे भाकीत खरे ठरले' एवढेच शिकते. उपचारातील सामोरे जाणे मुलाच्या संमतीने, पायरीपायरीने आणि पुनःपुन्हा होते.

नव्या खुळाबद्दल: अमेरिकी निदानपुस्तिकेत सोशल फोबिया हे नाव १९८० साली आले. मुलांच्या मनोविकारांसाठी देशातील पहिले चाइल्ड गायडन्स क्लिनिक तर याच शहरात १९३७ साली, आज टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सुरू केले. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि महानगरांतील प्रमाण ग्रामीण भागापेक्षा बरेच जास्त होते. बंद दारांविषयीच्या तुमच्या शंकेला हा आकडा थोडा आधारच देतो, पण तो सर्व विकारांचा मिळून आहे.

औषधांविषयी कोणीच विचारले नाही, तरी लिहितो, कारण ओपीडीत पहिला प्रश्न तोच असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅम्स या अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वर्षांची ४८८ मुले होती. सोशल अँग्झायटी, विरहभय (आई-वडिलांपासून दूर होण्याची भीती) आणि सर्वसाधारण चिंता असे तीन विकार त्यात धरले होते. बारा आठवड्यांनंतर सीबीटी आणि सर्ट्रालिन हे चिंता-नैराश्यावरील औषध एकत्र घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्के, केवळ सीबीटी घेतलेल्यांपैकी ६० टक्के, केवळ सर्ट्रालिन घेतलेल्यांपैकी ५५ टक्के, तर नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी २४ टक्के मुले लक्षणीय सुधारली. ब्रिटनमधील नाइस संस्था मुलांना सोशल अँग्झायटीसाठी सरसकट औषध देऊ नये असे म्हणते. अमेरिकेत ते अधिक सहजपणे दिले जाते. माझी स्वतःची पद्धत अशी की जे मूल घराबाहेरच पडू शकत नाही, किंवा ज्याला सोबत नैराश्यही आहे, त्याच्या बाबतीत मी औषधाचा विचार करतो, जेणेकरून त्याला उतरंडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता यावा. या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ पासून लहान वयातील रुग्णांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याच्या शक्यतेबद्दल ठळक इशारा छापायला लावला आहे, म्हणून सुरुवातीच्या काळात मुलावर बारीक लक्ष हवे आणि गोळी मनाने बंद करू नये. तोंडी परीक्षेपुरती अल्प्राझोलमसारखी चिंता तात्पुरती शमवणारी गोळी शेजाऱ्यांकडून आणून देणारे पालक मी पाहिले आहेत. ते कृपया करू नका. सवय लागण्याचा धोका आहेच, शिवाय 'गोळीमुळे निभावले' हा बचाव तयार होतो तो वेगळा.

निदानापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी लागते: मूल खरोखरच छळले जात आहे का. वर्गात रोज टिंगल होणाऱ्या मुलाची भीती अवाजवी नसते आणि तेथे उपचार मुलावर नव्हे, शाळेवर करावा लागतो. तोतरेपणा आणि स्वमग्नता यांचाही विचार हवा.

पारिजातक

आमच्या घरातील चित्र थोडे निराळे आहे. मुलगी नववीत आहे. हॉटेलात तिची ऑर्डर मी सांगते, डॉक्टरांसमोर तिचे दुखणे मी सांगते, शाळेत बाईंना चिठ्ठी मी पाठवते. गौरी-गणपतीला पाहुणे आले की ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसते आणि 'तिची युनिट टेस्ट आहे' असे तिच्या आजी सर्वांना सांगतात, टेस्ट असो वा नसो. हे सगळे मायेनेच चालले आहे. ती स्वतः कोणत्याही थेरपिस्टकडे यायला तयार नाही. मूलच तयार नसेल तर आई-वडिलांनी करण्याजोगे काही आहे का?

कोरांटी

पारिजातकताई, तुमचा प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी स्पेस नावाची पद्धत विकसित केली आहे, आणि तिच्यात मूल सत्राला येतच नाही. सर्व काम पालकांबरोबर चालते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत चिंताविकार असलेल्या मुलांच्या दोन गटांची तुलना केली होती, एका गटात मुलांना सीबीटी दिली आणि दुसऱ्यात केवळ पालकांना स्पेस शिकवली. दोन्हींचे परिणाम तोडीस तोड निघाले. ती चाचणी सर्व चिंताविकारांची मिळून आणि ७ ते १४ वयातील मुलांची होती, हे ध्यानात ठेवून वाचावे. तुमची मुलगी मात्र त्या वयाच्या जवळचीच आहे.

पद्धतीचा गाभा असा, की मुलाची भीती कमी करण्यासाठी घर जे जे स्वतःच्या अंगावर घेते त्याची यादी करायची आणि त्यातील एक गोष्ट निवडून ती हळूहळू थांबवायची. मुलीला बदलण्याचा आग्रह धरायचा नाही. स्वतः काय करणार आणि काय करणार नाही एवढेच बदलायचे. ते आधी शांतपणे, भांडण नसताना सांगायचे, हवे तर लिहून द्यायचे: 'तुला अनोळखी माणसांशी बोलताना खूप त्रास होतो हे आम्हाला कळते. तो त्रास तू सोसू शकशील याचीही आम्हाला खात्री आहे. पुढच्या आठवड्यापासून हॉटेलात तुझी ऑर्डर आम्ही देणार नाही.' या तीन वाक्यांत समजून घेणे आहे, विश्वास आहे आणि निश्चय आहे. यांतील एक जरी गळले तरी बाकीची दोन फुकट जातात. समजून न घेता निश्चय केला की ती शिक्षा वाटते, आणि निश्चयाशिवाय नुसते समजून घेतले की आजचा कारभार उद्याही चालू राहतो.

सुरुवातीला ती उपाशी उठेल, रडेल, 'तुमचे माझ्यावर प्रेम नाही' असेही म्हणेल. त्या वेळी समजावणी लांबवू नका. आजींना आधीच विश्वासात घ्या, कारण एकत्र घरात एकाने थांबवलेली गोष्ट दुसऱ्याने लगेच सुरू करण्याची शक्यता फार. गणपतीत लगेच आरतीचे तबक हातात देऊ नका. पाहुण्यांना प्रसादाची वाटी नेऊन देणे आणि एका प्रश्नाचे उत्तर देऊन परत येणे, एवढे पहिल्या वर्षी पुरे. 'किती बारीक झालीस', 'बोलत का नाहीस ग' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना मात्र तुम्ही खुशाल अडवा. तो तिचा बचाव नव्हे, ती घरची रीत म्हणून अडवा.

विवेकवेल

सीबीटीची चर्चा चालली आहे आणि आरईबीटीचा, म्हणजे हट्टी समजुतींच्या जागी विवेकी विचार आणणाऱ्या उपचारपद्धतीचा, उल्लेख नाही, याचे नवल वाटले. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली, आणि ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे अनेक मराठी घरांपर्यंत ती पोहोचली. तिचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस स्वतःच विलक्षण लाजाळू होते. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या शंभर स्त्रियांशी बोलण्याचा गृहपाठ स्वतःलाच दिला. त्यातून केवळ एकीने भेटीचे आश्वासन दिले आणि तीही आली नाही. पण नकाराची भीती गेली, असे ते सांगत. 'लोकांना मी आवडलोच पाहिजे' या हट्टाच्या जागी 'आवडलो तर बरे, न आवडलो तर वाईट वाटेल, पण आभाळ कोसळणार नाही' ही इच्छा आणणे, हे मला भावनांच्या नियमनाचे मूळ वाटते. निव्वळ सरावाने हट्ट जात नाही.

कोरांटी

विवेकवेल, आठवण योग्य वेळी दिलीत. मात्र एलिस यांच्या गृहपाठाचा तपशील आजच्या मुलांनी उचलू नये, हे स्पष्ट लिहिते. अनोळखी स्त्रियांना बागेत गाठणे हा उपचार नव्हे. त्यातील तत्त्व तेवढे घ्यावे, आणि ते तत्त्व माझ्या मते तुमच्या शेवटच्या वाक्याच्या उलट दिशेने जाते: एलिस यांचा हट्ट बागेत जाऊन सुटला. सोळा वर्षांच्या मुलाला विवेकी वाक्य तोंडपाठ असते, पण पटलेले नसते. दुकानातून पेन न घेता बाहेर पडल्यावर ते पटू लागते.

मुलुंडकर

धन्यवाद. आणखी दोन शंका. एका केंद्राने डीबीटी सुचवली आहे. ती योग्य आहे का? आणि योग्य व्यक्ती ओळखायची कशी, कारण फलकावर सर्वच जण 'थेरपिस्ट' असतात.

परळकर

डीबीटी ही तीव्र भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणारी उपचारपद्धती मार्शा लिनेहन यांनी मूलतः स्वतःला इजा करणाऱ्या आणि आत्महत्येकडे वारंवार वळणाऱ्या रुग्णांसाठी विकसित केली. मुलगा स्वतःला इजा करत असेल किंवा त्याच्या भावना दिवसातून अनेकदा हाताबाहेर जात असतील, तर तिचा विचार जरूर करावा. केवळ सोशल अँग्झायटीसाठी तिची पहिली निवड मी करणार नाही. तिच्यातील एक कौशल्य मात्र मी सर्रास वापरतो: भावना ज्या कृतीकडे ढकलते, तिच्या बरोबर उलट कृती पूर्णपणे करणे. भीती म्हणते मान खाली घाल, तर मान वर करून समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे. अर्धवट केले तर उपयोग होत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. त्यानंतर एकच प्रश्न विचारा: 'सत्रांमध्ये मुलाला प्रत्यक्ष प्रसंगांना सामोरे जायला लावाल का, आणि कसे?' उत्तर गोलमोल आले तर पुढे चला. फी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, कूपर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढून सकाळी लवकर यावे लागते, गर्दी असते, आणि पंचेचाळीस मिनिटांचे सत्र दर आठवड्याला मिळेलच असे मी आमच्या गर्दीकडे पाहून म्हणू शकत नाही; पण निदान पक्के होते आणि दिशा मिळते. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतून बोलता येते. मुलाला फोनवर बोलणेच अवघड असेल, तर पहिला फोन तुम्ही करा आणि दुसरा त्याला करू द्या.

खडूफळा

मी दादर परिसरातील एका माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. आमच्याकडे सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. वर्गातील एका मुलीच्या पालकांनी तिला त्यातून पूर्ण सूट मागितली आहे. सहकाऱ्यांचे मत असे की सर्वांसारखेच तिला चाळीस मुलांसमोर उभे करावे. दोन्ही मला योग्य वाटत नाही.

कोरांटी

खडूफळा, सूट देऊ नका, पण श्रोते कमी करा. या सत्रात तिने केवळ तुमच्यासमोर बोलावे, पुढच्या वेळी तिने निवडलेल्या दोन मैत्रिणींसमोर, त्यानंतर अर्ध्या वर्गासमोर, आणि हा क्रम तिला व पालकांना आजच लिहून द्यावा म्हणजे पुढची पायरी अचानक आली असे होणार नाही. गुण बोलण्यातील मजकुराला द्या, आत्मविश्वासाला नको. बोलणे झाल्यावर 'बघ, किती सोपे होते' असे म्हणू नका, कारण तिच्यासाठी ते सोपे नव्हते. मजकुरातील एखाद्या मुद्द्याबद्दल खराखुरा प्रश्न विचारा, म्हणजे लक्ष स्वतःवरून विषयाकडे वळेल. अमेरिकेत कॅरी मासिया वॉर्नर यांनी शाळांसाठी आखलेल्या कार्यक्रमात मिसळणाऱ्या स्वभावाची काही मुले मदतनीस म्हणून घेतलेली असतात, आणि प्रशिक्षण मिळालेल्या शालेय समुपदेशकांनाही तो परिणामकारकपणे राबवता येतो असे दिसून आले आहे. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल तर तिला फार समजावून न सांगता या मुलीशेजारी बसवा.

आणि हजेरीपटाचा क्रम पाहा. आडनावामुळे तिचा क्रमांक शेवटी येत असेल, तर बाकी सर्वांचे होईपर्यंत ती तासभर वाट पाहत राहील आणि भीतीचा बराचसा भाग त्या तासातच वाढेल. तिला पहिल्या तिघांत बोलवा.

खडूफळा

तिचा क्रमांक अडतिसावा आहे. या वेळी हजेरीपट उलट्या बाजूने घेते, सर्वांसाठीच. म्हणजे तिला वेगळे काढले असेही होणार नाही.